वहिनींच्या निरोपाला माझी हरकत

आजच्या समारंभाचं अध्यक्षपद भूषवणारे आणि समोरच्या टेबलावर घंटी ठेवून बसलेले माननीय प्राचार्य महोदय. या इमारतीच्या भिंतींची आणि खांबांची नाडी ज्यांनी तपासली आहे असे आजचे प्रमुख पाहुणे, माननीय इंजिनिअरसाहेब. पुष्पगुच्छाच्या आड अर्ध्याअधिक झाकल्या गेलेल्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या वहिनी. इतिहास विभागातील प्राध्यापकवर्ग, कार्यालयातील मंडळी, आजी-माजी विद्यार्थी. तिसऱ्या रांगेत अगदी कडेला, दरवाज्याजवळ, म्हणजे वेळ आली तर सटकता येईल अशा बेताने बसलेले माझे वडील बंधू. आणि उपस्थित सज्जनहो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी दातांचा डॉक्टर आहे. मला बोलायची सवय नाही असं म्हणणार नाही, कारण मी दिवसभर बोलतच असतो. फक्त समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्यात कापूस असतो, त्यामुळे मला उलट उत्तर द्यायची कोणाची प्राज्ञा नसते. आज प्रथमच मिटलेल्या तोंडांच्या श्रोत्यांसमोर उभा आहे आणि खरं सांगतो, जरा धाकधूक वाटते आहे.

मला कुटुंबातर्फे दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोन शब्द म्हणजे पाच मिनिटं, असं प्राचार्य महोदयांनी घंटीवर बोट ठेवून बजावलं आहे. अशा वेळी घरच्या माणसाने काय बोलायचं असतं? सत्कारमूर्ती घरी किती साध्या आहेत, किती प्रेमळ आहेत, त्यांना पुढील आयुष्य सुखाचं जावो वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण मी इथे वेगळ्याच कामासाठी उभा आहे, आणि आडपडदा न ठेवता आधीच सांगून टाकतो. वहिनींच्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. त्यांनी स्वतःहून मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज दिला आहे. तो अर्ज या क्षणी प्राचार्यांच्या समोरच्या फाइलमध्ये आहे आणि त्यावर हा कार्यक्रम संपल्यावर, चहाच्या आधी, सही व्हायची आहे. ती सही होऊ नये एवढीच माझी इच्छा आहे.

वहिनी, अशा बघू नका माझ्याकडे. निरोपाच्या भाषणाला सत्कारमूर्तीची संमती लागते असा नियम कुठेही नाही, मी कार्यालयात चौकशी करून आलो आहे.

आता वहिनी काय शिकवतात ते आपल्याला ठाऊक आहेच, पण आमच्यासारखे काही नातेवाईकही इथे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. इतिहास म्हटलं की राजे, लढाया आणि तह आठवतात. वहिनी कल्पनांचा इतिहास शिकवतात. आणि त्यातही एकाच कल्पनेमागे त्या आयुष्यभर हात धुऊन लागल्या. ती कल्पना म्हणजे दुसऱ्याला काय वाटतं ते आपल्याला जाणवणं. वर्गात तुम्ही तिला समानुभूती म्हणता, आम्ही जेवणाच्या टेबलावर एम्पथी म्हणतो. माझं या विषयातलं सगळं शिक्षण त्याच टेबलावर झालं आहे, तेव्हा संदर्भ चुकले तर दोष आमटीला द्यावा.

तर त्या टेबलावर मला पहिला धक्का बसला तो असा, की हा इंग्रजी शब्द जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. मी म्हटलं, वहिनी, त्याआधी लोक काय करत होते? एकमेकांच्या दुःखावर दात काढत होते? वहिनी म्हणाल्या, "तसं नाही भाऊजी. दया होती, करुणा होती, कळवळा होता. दोरीवर चालणारा डगमगला की खालची गर्दीही डगमगते, हे अठराव्या शतकातल्या विचारवंतांनी बघून ठेवलं होतं. पण हा जो शब्द आहे ना, तो आधी माणसांसाठी नव्हताच. वस्तूंसाठी होता."

वस्तूंसाठी. मी वाढून घेतलेली भाजी तशीच राहिली. इंग्रजीने हा शब्द जर्मनवरून बेतला, आणि त्या जर्मन पंडितांना म्हणे प्रश्न पडला होता, की डोंगर तर जागचा हलत नाही, मग आपण "डोंगर उंच उठला आहे" असं का म्हणतो? दगडी खांब बघताना आपल्याला तो ओझं पेलतोय असं का वाटतं? त्यांचं उत्तर असं, की आपणच नकळत त्या खांबात शिरतो, आपले खांदे त्याला देतो, आणि मग आपल्याच खांद्यांचा ताण आपल्याला त्याच्यात दिसतो. काही उत्साही मंडळी तर सुरईसमोर उभी राहून आपला श्वास कुठे वर गेला आणि कुठे खाली आला याच्या नोंदी करत. घरच्यांनी त्यांना कसं सहन केलं, याचा इतिहास मात्र कुणी लिहिलेला नाही.

पुढे हा शब्द वस्तूंवरून माणसांवर आला. मनाच्या डॉक्टरांनी तो उचलला, त्याची मोजमापं काढली, प्रश्नावल्या छापल्या. मग एका प्रयोगशाळेत माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की ज्या स्वतः दाणा उचलताना चमकतात आणि दुसऱ्याला उचलताना बघूनही चमकतात. माकडांनी दुजोरा दिल्यावर कल्पनेला एकदम वजन आलं. आणि आता तर ती बाजारातही उतरली आहे. परवा माझ्या दवाखान्यातलं इंटरनेट बंद पडलं. फोन लावला, तर पलीकडून ध्वनिमुद्रित बाई म्हणाल्या, "आम्ही आपली अडचण समजू शकतो." त्यांनी ती पाऊण तास समजून घेतली. इंटरनेट दुसऱ्या दिवशी आलं.

आपल्या भाषेत या कल्पनेला निराळा शब्द लागला नाही, कारण आपण हे काम अवयवांवर सोपवलं. दुसऱ्याचं दुःख बघून आपलं काळीज तुटतं, पोटात कालवतं, आतडं पिळवटतं. मी व्यवसायाच्या अभिमानाने सगळी भाषा तपासून बघितली. दात कशासाठी वापरलेत? दात-ओठ खायला, दात विचकायला, कोणावर तरी दात धरायला. दुसऱ्यासाठी दात कळवळले असं एकही उदाहरण सापडलं नाही. तेव्हा माझा आणि या विषयाचा संबंध तितपतच आहे, हे मला मान्य आहे.

तर हा विषय वहिनी कशा शिकवतात? इथल्या माजी विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच हसू दिसतंय मला. वहिनींचा पहिला तास वर्गात होत नाही. तो बाहेरच्या व्हरांड्यात, जिन्याजवळच्या खांबासमोर होतो. सगळ्यांनी खांबासमोर उभं राहायचं. बोलायचं नाही. खांब बघायचा. खांद्यांना काय होतंय, मान कुठे जाते, श्वास कसा चाललाय ते बघायचं. थोड्या वेळाने मुलं सांगायला लागतात. कुणी म्हणतं, खांदे जड झाले. कुणी म्हणतं, वरचा मजला अंगावर आल्यासारखा वाटला. एक विद्यार्थिनी तर म्हणाली होती, "मॅडम, हा खांब दमलाय." वहिनींनी तिला वर्गासमोर शाबासकी दिली होती. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्या खांबाचं ओझं वाटून घेत आल्या.

आणि मग एक दिवस आजचे प्रमुख पाहुणे आले. इमारतीला तडे गेले होते म्हणून त्यांना तपासणीसाठी बोलावलं होतं. हातात छोटी हातोडी. जिन्याजवळ आले, खांबावर टकटक केलं, थांबले, पुन्हा टकटक केलं. मग शिडी मागवली. वर चढून त्यांनी खांब आणि तुळई यांच्या मधून एक कागद आरपार सरकवून दाखवला. खांब तुळईला लागतच नव्हता. आत पोकळ, बाहेरून फळ्या आणि प्लास्टर. जुन्या काळच्या एका प्राचार्यांना व्हरांडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा होता, म्हणून पलीकडच्या खऱ्या खांबाला जोड म्हणून त्यांनी हा नुसता शोभेसाठी उभा केला होता. या खांबाने जन्मात कधी पाचोळ्याएवढं वजन उचललेलं नाही.

स्टाफरूममध्ये जो हशा झाला म्हणता. एका प्राध्यापकांनी वहिनींना विचारलं, "काय हो, आता पोकळपणाची अनुभूती घ्यायची का?" वहिनी दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. घरी बसून होत्या, जेवल्याही नाहीत धड. विषयच पोकळ निघाला असं त्यांना वाटलं. इतक्या सगळ्या मुलांना जे जाणवलं, ते तर खांबात नव्हतंच. मग ते कुठलं होतं? ज्याचं त्याचं होतं. ती "खांब दमलाय" म्हणणारी मुलगी, कोण जाणे, स्वतःच दमली असेल.

पण आमच्या वहिनी अशा हार मानणाऱ्यातल्या नाहीत. त्यानंतरच्या वर्गाला त्यांनी पुन्हा त्याच खांबासमोर उभं केलं. मुलांचे खांदे नेहमीसारखे जड झाले. मग वहिनी म्हणाल्या, "आता पुढे जा आणि ठोकून बघा." तेव्हापासून त्यांचा नियमच झाला. आधी अनुभवा, मग ठोकून बघा. आणि समोर माणूस असेल तर सरळ विचारा. वहिनींचं वाक्य मला तोंडपाठ आहे: "खांबाला विचारता येत नाही, ही खांबाची अडचण. माणसाला आपण विचारत नाही, ही आपली." इंजिनिअरसाहेबांना त्यांनी त्या वर्षापासून दर पहिल्या तासाला बोलावलं. आणि साहेबांनीही मोठ्या मनाने मुलांना सांगितलं, की ठोकायच्या आधी तो खांब त्यांनाही जडच वाटला होता.

हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आम्ही तेच करतो. माणूस येतो, गाल धरून सांगतो, डॉक्टर, वरची दाढ. मी आरशाच्या दांड्याने एकेका दाताला हलकेच ठोकतो आणि विचारतो, इथे? की इथे? पुष्कळदा दुखत असते खालची, आणि माणूस बोट दाखवतो वरच्या दाढेवर. स्वतःची दाढ स्वतःच्या तोंडात असून ही गत. मग दुसऱ्याच्या मनात काय दुखतंय ते लांबून बघून ओळखणारे आपण कोण लागून गेलो?

प्राचार्य महोदय, घंटीकडे हात जाऊ देऊ नका. आत्ता कुठे मी मुद्द्यावर येतोय.

माझा दादा नकाशे काढणाऱ्या कचेरीतून गेल्या वर्षी निवृत्त झाला. वहिनी कॉलेजात, दादा घरी. चार महिन्यांपूर्वी वहिनींच्या असं लक्षात आलं, की त्या संध्याकाळी घरी येतात तेव्हा दादा खिडकीशी सोफ्यावर बसलेला असतो. गाल हातावर टेकलेला, खांदे पडलेले, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. वहिनींनी विचारलं, "काय झालं?" दादा म्हणाला, "कुठे काय?" नवरा-बायकोत या प्रश्नाला हेच उत्तर असतं, त्यातून आजवर कोणाला काही कळलेलं नाही.

मग वहिनींनी त्यांची पद्धत वापरली. खांबाची. त्या दादाच्या शेजारी, दादासारख्याच बसल्या. गाल हातावर. खांदे सैल. श्वास दादाच्या श्वासाबरोबर. आणि काय सांगू, वहिनींचे डोळे भरून आले. एवढा एकटेपणा, एवढा सुनेपणा, आणि हा माणूस अवाक्षर बोलत नाही. त्या रोज अशा बसायला लागल्या. कॉलेजातून अकराला फोन, तीनला फोन, काय करताय, जेवलात का, कंटाळा येतो का.

मी एका रविवारी संत्री घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघतो तर सोफ्यावर दोघं शेजारी शेजारी, दोघांचेही गाल हातावर, दोघांचेही खांदे पडलेले, दोघांच्याही नजरा खिडकीबाहेर. मी दारातूनच विचारलं, "कोण गेलं?" दोघांनी एकदम वळून विचारलं, "कुठे?"

त्या दिवशी स्वयंपाकघरात वहिनींनी मला अर्जाचं सांगितलं. "भाऊजी, माझ्याच्याने आता बघवत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना दुसऱ्याचं मन कसं ओळखावं ते शिकवते आणि घरी माझाच माणूस झुरतो आहे. मी निवृत्ती घेते." बोलताना त्यांनी पाठ फिरवून संत्री सोलायला घेतली. एका संत्र्याला इतका वेळ लागत नाही, हे मलाही कळलं. विभागातला हा विषय वहिनींच्या नंतर बंद होणार आणि त्या जागी "प्रभावी संभाषण" नावाचं काहीतरी येणार, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितलं. दुसऱ्या वर्षाची मुलं अर्ध्यावर सुटणार होती. त्या मुलांबद्दल बोलताना वहिनींचा आवाज जसा झाला, तसा मी त्यांचा आवाज त्यापूर्वी एकदाच ऐकला होता, त्यांचे वडील आजारी होते तेव्हा. मला फार वाईट वाटलं. मीही दादाला एकटेपणाच झालाय असं धरून चाललो.

आता गेल्या आठवड्यात काय झालं ते ऐका. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझ्या दवाखान्यात सगळं गाव येतं, माझा सख्खा भाऊ सोडून. तो दादा भर दुपारी, मोजून चार माणसांचा नंबर डावलून, गाल धरून आत आला आणि खुर्चीत आडवा झाला. आ केला. मी आत बघितलं. सज्जनहो, खालची डावी दाढ इतकी किडली होती, की तिला दाढ म्हणणं हा केवळ माणुसकीचा भाग होता. मी विचारलं, "कधीपासून?" दादा म्हणाला, "चार महिने." चार महिने हा गृहस्थ लवंग चघळत, गाल हातावर टेकून खिडकीशी बसला होता. कारण दुखतंय म्हणून सांगितलं असतं, तर वहिनींनी त्याला कान धरून माझ्याकडे आणलं असतं. आणि माझ्या यंत्राच्या आवाजाला तो घाबरतो.

होय दादा, आता सगळ्यांना कळलं. बस खाली. दरवाज्याजवळ माझी कंपाउंडर उभी आहे.

म्हणजे वहिनी ज्याच्यापायी नोकरी सोडायला निघाल्या, तो एकटेपणा नव्हता, दाढ होती. मी म्हटलं, अरे दादा, वहिनी अर्ज देऊन बसल्या, तू बोलला का नाहीस? तोपर्यंत मी भूल दिली होती. माझा अनुभव असा, की भूल दिलेल्या तोंडाने माणसाला खोटं बोलता येत नाही, कारण खोटं बोलायला दोन्ही ओठ जागेवर लागतात. दादा एका बाजूने म्हणाला, "अरे, ती दमलीय. रोज संध्याकाळी येते आणि माझ्या शेजारी मान टाकून बसते. डोळ्यांत पाणी असतं. विचारलं तर सांगत नाही. तिला सोडायचंय, पण आपण होऊन म्हणवत नाही, म्हणून माझं निमित्त करतेय. करू दे. मग मी जरा जास्तच तोंड पाडून बसतो, तिला बरं पडतं."

कळलं का आपल्याला? दादाची दाढ दुखते म्हणून त्याचे खांदे पडले. ते बघून वहिनींनी आपले खांदे पाडले. ते बघून दादाला वाटलं ही दमली, म्हणून त्याने आपले आणखी पाडले. ते बघून वहिनींनी आणखी. आणखी दोन महिने गेले असते तर दोघं सोफ्याखाली सापडली असती.

आणि दादाचा दिवस खरा कसा जातो म्हणाल तर ऐका. सकाळी तरण तलाव. एकसष्टाव्या वर्षी पोहायला शिकलाय. त्यानंतर तीन मित्र येतात आणि पत्त्यांचा डाव बसतो. दुपारी रेडिओ लावून झोप. वहिनी यायच्या वेळेला पत्ते सोफ्याच्या गादीखाली जातात आणि चेहऱ्यावर एरंडेल येतं. अकराचा फोन आला की चौघांनी श्वास रोखून बसायचं आणि दादाने खोल आवाजात "बसलोय" म्हणायचं. त्या फोनची त्याला अगदी कटकट होते. एकटेपणा कसला, या माणसाला मरायला फुरसत नाही.

मी त्याच संध्याकाळी वहिनींना सांगायला निघालो होतो. दादाने माझा हात धरला. म्हणाला, "तिला खरंच घरी राहायचं असेल तर? तू सांगितलंस तर बिचारी अडकेल. शपथ घे." म्हणून मी शपथ घेतली, की वहिनींना एकटं गाठून यातलं अक्षरही सांगणार नाही. ती शपथ मी आजवर पाळली आहे. आत्ताही पाळतो आहे. आपण सगळेच बघताय, वहिनी या क्षणी एकट्या नाहीत.

वहिनी, रागावणार असाल तर रागवा, पण माझं एवढं ऐका. ज्या कल्पनेचा इतिहास तुम्ही आम्हाला जेवू-खाऊ घालून शिकवलात, त्या इतिहासात मोठमोठी माणसं याच खड्ड्यात पडलेली आहेत. खांबात शिरली, डोंगरात शिरली, माकडाच्या मेंदूत शिरली, आणि दर वेळी बाहेर येताना हातात आपलंच काहीतरी घेऊन आली. ती चूक माया असलेल्या माणसाकडूनच होते. ज्याला काही पडलेली नाही, त्याचे खांदे कशाला पडतील? तुमचे डोळे खरे भरून आले होते, त्यात काही खोटं नव्हतं. ठोकून बघायचं तेवढं राहून गेलं. दादा तिसऱ्या रांगेत आहे. गालाची सूज उतरली आहे, तोंड पूर्ण चालतं. विचारा त्याला. "काय झालं" असं नको. इथे की इथे, असं विचारा.

माईक द्या हो कोणीतरी वहिनींच्या हातात. आणि एक दादाकडे. नसेल तर राहू द्या, मी सांगतो मोठ्याने.

वहिनी विचारतायत, "अहो, तुम्हाला घरी एकटं वाटतं का?"

दादा नाही म्हणतोय. मान हलवून नाही म्हणू नकोस दादा, मागच्या रांगांना दिसत नाही. हां. "नाही," म्हणाला. "सुरुवातीला एक-दोन आठवडे वाटलं, मग नाही," म्हणाला. हे मलाही नवीन आहे. आणि आता तो उलट विचारतोय, "अगं, पण तू दमली आहेस ना?"

वहिनी म्हणतात, "दमले आहे." सज्जनहो, माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाही, नाही, पुढे आहे. "बैठकांनी दमले आहे. शिकवून नाही. वर्ग सुटणार म्हणून मला रात्र रात्र झोप नाही."

दादा म्हणतोय, "मग जा की उद्या वर्गावर."

टाळ्या जरा थांबवा, दादाचं संपलेलं नाही. काय? "आणि फोनचं हा चक्क चुकीचं सांगतोय. फोनची कटकट होते असं मी कधीच म्हटलं नाही. ते त्याने आपल्या मनाने लावलं. अकराचा फोन यायचा असतो म्हणून मी पोहून वेळेत घरी येतो." झालं, मिळाला घरचा आहेर. दवाखान्यात शेजारी उभा राहून दाढ काढली याची, पण हे मी त्याला विचारलं नव्हतं. मला वाटलं, मला कळतं.

वहिनी उठल्या. अध्यक्षांच्या टेबलाशी गेल्यात. प्राचार्य महोदय फाइल उघडताहेत. मी इथून बघतोय, सहीची जागा कोरी आहे. वहिनी म्हणतात, "अर्ज द्या इकडे, आणि बैठका कमी करा." प्राचार्य महोदयांनी अर्ज दिला आहे. बैठकांचं ते विचार करतो म्हणाले, म्हणजे त्यासाठी एक बैठक होईल.

आता माझ्याकडे आवरतं घेण्यावाचून काही उरलेलं नाही. प्राचार्य महोदय, घंटी वाजवायचा पूर्ण हक्क असूनही आपण ती वाजवली नाहीत, याबद्दल मी ऋणी आहे. इंजिनिअरसाहेब, आपल्या भाषणाचा विषय मी वाटेतच संपवून टाकला, आपण उदार मनाने क्षमा कराल. ज्यांनी आजच्या कार्यक्रमासाठी वर्गणी काढून पुष्पगुच्छ आणला, त्यांनी तो घरी पाण्यात ठेवावा, चार वर्षं टिकला तर पाहू. दादा, तुझी शपथ मी शब्दाला धरून पाळली, मनाला धरून मोडली, त्याची शिक्षा तू देशील ती. आणि उपस्थित सज्जनहो, निरोप द्यायला म्हणून आपण आलात आणि मी निरोपच काढून घेतला. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं.

वहिनी त्यांच्या खुर्चीवर परत जाऊन बसल्या आहेत. चष्मा काढून हातात घेतलाय आणि सरळ माझ्याकडे बघताहेत. रागावल्या आहेत, की हसू आवरताहेत, की आणखी तिसरंच काही आहे, मला इथून सांगता येत नाही. तेव्हा मी आपली रजा घेतो आणि तिकडे जाऊन त्यांनाच विचारतो.